एकशे चौसष्ट ओहम

आमचं नवं घर कोकणात, लांजा तालुक्यात, कातळावर. जुनं घर खाली वहाळाच्या अंगाला. पावसाळ्यात तिथल्या भिंतींना हात लावला तर बोटं ओली व्हायची. सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, गुडघ्यांनी तक्रार सुरू केली तेव्हा वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बांधायचं ठरलं. पाया खणताना दोन फुटांवरच जांभा, इथला तांबडा दगड, लागला. गवंडी खूश, आप्पा खूश, मीही खूश. पाया इतका पक्का लागतो तिथे अर्थिंग, म्हणजे दोष झाल्यास वीज जमिनीत उतरवायची सोय, धड होत नाही, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं. पुण्यात ज्युनिअर कॉलेजला मी फिजिक्स शिकवते आणि ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते.

मे महिन्याच्या सुट्टीत गावी पोहोचले तोवर वायरिंग ओढून झालं होतं. वायरमनकाका साठीचे, निम्म्या वाडीचं वायरिंग त्यांच्या हातचं. माणूस कामाला चोख, फक्त मी काही विचारलं की उत्तर आमच्या ह्यांच्याकडे बघून द्यायचे. "अर्थिंग झालं का?" असं मी विचारलं, तर ह्यांना म्हणाले, "झालं की. खड्डा, पाइप, मीठ, कोळसा, सगळं घातलंय. वहिनींना दाखवा."

खड्डा मीटरच्या भिंतीपासून दोन मीटरवर, पडवीला लागून. पाइप अडीच मीटरचा आणला होता. पण कातळ ब्रेकरला दाद देईना म्हणून पाच फुटांवर खोदाई थांबवली आणि वर उरलेला पाइप कापून टाकला. कापलेला तुकडा तिथेच पडला होता, त्यावर गवंड्याची बाई ओलं फडकं वाळत घालत होती.

"काका, पाइप लहान झाला ना?"

"काय नाय होत वहिनी. भुईत गेला म्हंजे झालं. हे बघा." त्यांनी शंभराचा जुना पिवळा बल्ब होल्डरला लावला, एक वायर बांधकामासाठी घेतलेल्या कनेक्शनच्या फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, आणि दुसरी अर्थिंगच्या तारेला. बल्ब लागला. आप्पा समाधानाने आत गेले. आमच्याकडे अर्थिंग असंच तपासतात. बल्ब लागला की पास.

माझ्या पिशवीत मल्टिमीटर होता (प्रयोगशाळेतला, परत केला). बल्ब जळत असतानाच न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थिंगची तार यांच्यामध्ये तो लावला. साठ व्होल्ट. म्हणजे ज्या तारेवर शून्य असायला हवं, तिच्यावर साठ. मग बल्बातून जाणारा करंट मोजला: ०.३६ ॲम्पिअर. साठ भागिले ०.३६, उत्तर साधारण १६७ ओहम. जमिनीत उतरताना करंटला एवढा रोध; तो जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. पूर्ण तेजाने जळणाऱ्या शंभर वॉटच्या बल्बाचा स्वतःचाच रोध पाचशेच्या वर असतो, त्यामुळे वाटेत दीडशे-पावणेदोनशे ओहम आडवे आले तरी तो थोडा पिवळट जळतो, इतकंच. बल्बाने अर्थिंग पास करायचं म्हणजे पस्तीसच्या जागी दहा मार्कांना पास करण्यासारखं आहे.

आमचे एक मावसदीर रत्नागिरीजवळ मिरजोळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. शनिवारी ते अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र, घेऊन आले. तीन टोकांची पद्धत अशी: एक वायर आपल्या पाइपला, एक खिळा लांब, आमच्याकडे चाळीस मीटरवर, आणि दुसरा त्याच रेषेत मधे, एकूण अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर, म्हणजे पंचवीस मीटरवर. लांबच्या खिळ्यातून करंट सोडायचा, मधल्या खिळ्यावर व्होल्टेज बघायचं. पण कातळात खिळा ठोकणार कसा? दोन खिळे वाकले. शेवटी दिरांनी एक गोणपाट भिजवून कातळाच्या खोलगट भागात अंथरलं, खिळा त्यावर आडवा ठेवला आणि वरून दोन कळश्या पाणी ओतलं. चालतं असं. मधला खिळा दोन-तीन मीटर पुढेमागे सरकवूनही आकडा फारसा हलला नाही, म्हणजे वाचन विश्वासाचं. १६४.

आता १६४ म्हणजे काय, हे मी त्या रात्री ह्यांना कंदिलाच्या उजेडात सांगितलं. (लाइट गेलेली होती.) समजा गीझरची कॉइल फुटली आणि फेज त्याच्या पत्र्याला लागला. करंट अर्थिंगच्या तारेने जमिनीत उतरेल. किती? २३० भागिले १६४, म्हणजे १.४ ॲम्पिअर. गीझरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, सोळा ॲम्पिअरचा. त्याला १.४ म्हणजे काहीच नाही, तो वर्षभर पडणार नाही. आणि तोवर गीझरच्या पत्र्यावर दोनशेच्या वर व्होल्ट उभे. एकट्या गीझरवर नव्हे. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सरचा स्टँड, सगळ्यांच्या हिरव्या, अर्थिंगच्या वायरी एकाच पट्टीला जोडलेल्या. एका उपकरणाचा दोष घरभर वाटला जाणार. असं अर्धवट अर्थिंग मला मुळीच अर्थिंग नसण्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटलं.

"मग पाच ओहम केले तर एमसीबी पडेल?" ह्यांनी विचारलं.

बरोबर प्रश्न होता. पाच ओहमला ४६ ॲम्पिअर. सोळाचा, सी कर्व्ह नावाच्या प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० ॲम्पिअर लागतात. ४६ ला तो तापून पडेल, पण वेळ घेऊन, आणि न्हाणीत उभ्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. आपल्याकडे खेड्यात घराचा खड्डा वेगळा आणि ट्रान्सफॉर्मरचा वेगळा, मधली वाट मातीची. मातीच्या वाटेने एमसीबी पाडण्याइतका करंट नेणं घरगुती खड्ड्याला जमत नाही. म्हणून आरसीसीबी, हाही आपोआप पडणारा स्विच. तो करंट किती गेला हे बघत नाही, गेलेला सगळा न्यूट्रलने परत आला का ते बघतो. तीस मिलिॲम्पिअर कमी पडले की तोडतो.

"मग १६४ चालतील की. १.४ ॲम्पिअर म्हणजे चौदाशे मिलिॲम्पिअर."

चालतील, हिशेबाने तरी. आरसीसीबी धड असेल तर हजार ओहमलाही पडेल. पण ते एक यंत्र आहे. आतली कळ अडकू शकते, वर्षानुवर्षं कुणी टेस्टचं बटण दाबत नाही, आणि गावाकडे तर सारखा पडतो म्हणून बायपास केलेले आरसीसीबी मी चार घरांत पाहिलेत. सगळा भार त्या एका बटणावर टाकायला मन तयार होईना. शिवाय विजांचा भाग आहे. मे अखेरीस सड्यावर कशा विजा पडतात हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा लोंढा जमिनीकडे वळवणारं उपकरण, बसवायचा तर त्यालाही उतरायला जमीन हवी.

रविवारी सकाळी आप्पांनीच वाट दाखवली, अर्थात वेगळ्या कारणाने. म्हणाले, "खड्डा मारायचा तर कातळात कशाला मारता? खाली कुणग्यात मारा, तिथे कुदळ बुडते." कुणगा म्हणजे घराच्या खालचा भाताचा तुकडा, पडवीपासून बावीस मीटर. चिकण माती, विहीर जवळ, मे महिन्यातही हातभर खाली ओल. जमीन वीज किती नेते हे ओलीवर आणि मातीच्या जातीवर ठरतं. देशावरच्या काळ्या मातीत अडीच मीटरचा पाइप सहज पाच-सात ओहम देतो. जांभ्यात तोच पाइप शेकडा गाठतो. मीठ-कोळसा घालून हा फरक झाकता येतो, पण आमच्या पावसात मीठ दोन पावसाळ्यांत धुपून जातं आणि जाता जाता जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप खातं. पुण्यात ज्या खड्ड्याला लोक वर्षाकाठी दोन बादल्या पाणी घालून जिवंत ठेवतात, तो इथे जून ते सप्टेंबर पाण्यात बुडलेला आणि एप्रिलला ठणठणीत कोरडा.

कुणग्यात तीन मीटरचे दोन तांबं चढवलेले रॉड घातले. एकमेकांपासून सहा मीटरवर, कारण दोन रॉड जवळ घातले तर ते एकाच मातीवर भांडतात. भारतीय मानक ३०४३, अर्थिंगचं पुस्तक, १९८७ चं आणि मग २०१८ ला सुधारलेलं, तेही हेच सांगतं: निदान लांबीच्या दुप्पट अंतर. भोकं हाताच्या ऑगरने पाडली, भोवती मिठाऐवजी बेंटोनाइट कालवून ओतलं. बेंटोनाइट म्हणजे पाणी धरून फुगणारी माती. गवंडी म्हणाला, मुलतानी मातीसारखं लागतंय. दोन्ही रॉड मिळून आले साडेपंधरा ओहम.

दुसरं काम नशिबाने साधलं. पडवीच्या पुढच्या चार खांबांचा पाया अजून उघडा होता, आणि त्याची टाय बीम, म्हणजे खांबांना बांधणारी आडवी तुळई, घराच्या जोत्यातल्या प्लिंथ बीमला जोडायची होती. पायातल्या सळया हेच एक मोठं अर्थिंग असतं. काँक्रीट जमिनीतली ओल धरून ठेवतं, आणि पसारा घराएवढा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ॲरिझोनात दारूगोळ्याच्या कोठारांना विजेपासून वाचवायचं होतं, आणि ते वाळवंट. तिथे हर्बर्ट यूफर यांनी पायाच्या सळयाच अर्थिंग म्हणून वापरल्या. कोरड्या जमिनीतही वर्षानुवर्षं आकडा टिकला. अमेरिकेत आज नव्या घराच्या पायात सळया असतील तर त्या अर्थिंगला जोडणं नियमातच आहे. आपल्याकडे पाया भरताना वायरमनला बोलवायची पद्धत नाही, तो येतो स्लॅबच्या वेळी. मुख्य पाया डिसेंबरातच भरून झाला होता. हे मला सहा महिने आधी सुचायला हवं होतं, ती हळहळ अजून आहे.

गवंडी सळईला वेल्डिंग करू देईना, आणि त्याचं बरोबर होतं. मग एक जादा सळई पायातून टाय बीममधून फिरवली, बाकीच्यांना बांधणीच्या तारेने घट्ट आवळली, आणि तिला क्लॅम्पने जीआयची पट्टी लावून ती जमिनीच्या वर, खांबातून बाहेर काढली. काँक्रीट सुकल्यावर नुसत्या सळयांचं वाचन ३८. तेवढ्यासाठी टेस्टरचे खिळे आणखी लांब न्यावे लागले, शेजाऱ्याच्या काजूच्या बागेत, कारण सगळं घरच जमिनीत करंट सोडणारं मोठं इलेक्ट्रोड झालं की त्याची सावली, म्हणजे भोवतीची व्होल्टेज चढलेली जमीन, तीही लांब पसरते. रॉड आणि सळया एकत्र जोडल्यावर अकरा. कातळावर अकरा म्हणजे मी पेढे वाटणार होते.

आणि तिथेच बिघाड सुरू झाला.

आरसीसीबी आठ दिवस बसवलेला होता, एकदाही पडला नव्हता. नवं अर्थिंग जोडल्याच्या संध्याकाळी इस्त्री लावली आणि तो पडला. दिवे लावले तर ठीक, पंखे लावले तर ठीक, इस्त्री लावली की खट्. इस्त्री कुठल्याही खोलीत लावा. वायरमनकाकांचं निदान तयार होतं, या वेळी थेट मला उद्देशून: "वहिनी, तुम्ही अर्थिंग जास्त केलंत. पयलं बरं व्हतं." आणि उपाय: "तो डबा काढून टाकू. त्याचाच त्रास आहे."

रात्रभर मी त्यावर विचार केला. काकांचं म्हणणं अर्धं खरं होतं. अर्थिंग सुधारलं म्हणूनच तो पडत होता. घरात कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना चिकटले होते. तसं असलं की परत जाणाऱ्या करंटला दोन वाटा फुटतात: एक न्यूट्रलच्या तारेने, एक अर्थिंगने जमिनीतून. इस्त्रीच्या चार-साडेचार ॲम्पिअरने खांबापासूनच्या लांब न्यूट्रलवर दोनेक व्होल्ट पडत असणार. ते दोन व्होल्ट १६४ ओहमवर बारा-तेरा मिलिॲम्पिअर ढकलतात, आरसीसीबी गप्प. तेच दोन व्होल्ट अकरा ओहमवर जवळजवळ दोनशे मिलिॲम्पिअर ढकलतात, आणि खट्. दोष पहिल्या दिवसापासून होता. वाईट अर्थिंगने तो लपवला होता.

सकाळी मेन बंद करून डीबीतली, म्हणजे घराच्या मुख्य स्विचपेटीतली, न्यूट्रलची पट्टी आणि अर्थिंगची पट्टी यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला. बीप, म्हणजे दोन्ही कुठेतरी चिकटलेले. मग एकेक न्यूट्रल काढत गेलो. सातवी वायर काढल्यावर बीप थांबली: स्वयंपाकघर, फ्रिजचा पॉइंट. बोर्ड उघडला तर न्यूट्रलच्या पिनेवरून अर्थिंगच्या पिनेवर बोटभर लाल वायरचा तुकडा. काका काही बोलले नाहीत. त्यांच्या हाताखालचा पोऱ्या बोलला. पाइपात हिरवी वायर अडकली होती, त्या दिवशी दाखवायला म्हणून असा जोड दिला, मग हिरवी ओढली, पण जोड काढायचा राहिला.

त्या बोटभर तुकड्यामागचा धोका काकांना समजावायला मला अर्धा तास लागला. आमच्या वाडीला एक ट्रान्सफॉर्मर, त्यावरून उघड्या तारा आंब्याच्या झाडांतून जातात. वाऱ्यात फांदी पडून न्यूट्रल तुटणं नवलाचं नाही. तो तुटला की घरातल्या न्यूट्रलवर दिव्यांमधून, पंख्यांमधून फेज येऊन उभा राहतो. जोड असेल तर तोच फ्रिजच्या दारावर. हे ऐकताना काका एकदम म्हणाले, "चार वर्षांपूर्वी खालच्या वाडीत टीव्ही जळले ते असंच व्हतं." तो तीन फेजच्या न्यूट्रलचा प्रकार, थोडा वेगळा, पण त्यांना पटलं, मी वाद घातला नाही.

गंमत अशी की आमच्या ह्यांनी मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघितले होते आणि त्यात न्यूट्रल आणि अर्थिंग मेन पॅनेलमध्ये मुद्दाम जोडतात. खरंच जोडतात. तिथे दोष झाला की करंट मातीतून न जाता न्यूट्रलच्या तारेने परत यावा, ब्रेकर क्षणात पडावा, अशी सगळी मांडणीच वेगळी आहे आणि तो जोड फक्त एकाच ठिकाणी असतो. इथल्या घरात तो जोड आपल्या हाताने द्यायचा नाही. नशीब, ह्यांनी व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर हाती घेतला नव्हता.

मग प्रत्येक प्लगची अर्थिंगची पिन ते मुख्य पट्टी, अशी तपासणी केली. सतरा पॉइंट. तीन ठिकाणी हिरवी वायर बोर्डात येऊन नुसती गुंडाळून ठेवलेली, जोडलेलीच नाही. खड्ड्यावर आम्ही दोन आठवडे घालवले होते आणि माडीवरच्या तीन प्लगना तो खड्डा पोहोचतच नव्हता.

शेवटचं राहिलं होतं घरातलं उघडं लोखंड. आजकाल पाइप प्लॅस्टिकचे, त्यामुळे फार नसतं. गच्चीवरचा सोलर हीटरचा सांगाडा, जिन्याचं रेलिंग, आणि विहिरीवरून येणारा जुना इंचाचा लोखंडी पाइप, जो न्हाणीच्या नळाला मिळतो. हे सगळं सहा चौरस मिलिमीटरच्या वायरने मुख्य पट्टीला जोडलं. आप्पांना पाइपचं पटेना. "नळाला वायर? उद्या पाण्यात करंट आला तर?"

त्यांची भीती वेडी नाही. घरात कुठेही दोष झाला तर त्या क्षणी पाइपचं व्होल्टेजही थोडं वर चढेल. पण एक हात गीझरवर आणि दुसरा नळावर असताना दोन्ही एकाच व्होल्टेजला असतील, तर माणसातून जायला करंटला कारणच उरत नाही. तो धोका नळ एका पातळीवर आणि गीझर दुसऱ्या पातळीवर असतो तेव्हाचा. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पंगतीत सगळ्यांना सारखं वाढायचं." त्याहून बरं मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. पाइप जोडल्यावर वाचन अकरावरून सातवर आलं, पण ते मी कागदावर धरलं नाही. विहिरीचा पाइप गंजला की कुणीतरी प्लॅस्टिकचा टाकणार आणि तो चार ओहमचा फायदा निघून जाणार.

कनेक्शनसाठी महावितरणचा ए-वन अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, मीटर, हे सगळं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पार पडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कुणग्यातल्या दोन्ही रॉडांवर चिऱ्याच्या छोट्या पेट्या बांधल्यात. झाकणाच्या आतल्या बाजूला काका ऑइलपेंटने तारीख आणि आकडा लिहितात, विहिरीचा पाइप सोडवून मोजलेला. ऑगस्टला सहा आला. या मेला तेरा. वाढ अपेक्षितच, पण तेराला मी अजून पूर्ण खूश नाही, तिसरा रॉड घालायचा विचार आहे.

जुन्या घराचं काम मात्र तसंच आहे. पंपाची लाइन अजून तिथल्या मीटरवरून जाते, आणि मागच्या गोठ्यात दोन पिनांचा बोर्ड आहे, हिरवी वायर कधी नव्हतीच. गुरांना माणसापेक्षा कितीतरी कमी व्होल्टेज बाधतं. पाय चार, जमीन ओली, आणि तक्रार करायची सोय नाही. आप्पा म्हणतात दिवाळीनंतर बघू. मी टेस्टर गणपतीलाच मागवलाय.